कंकाल स्नायू : रचना व आकुंचन

हाडांना जोडलेले आणि इच्छेनुसार हलवता येणारे स्नायू म्हणजे कंकाल स्नायू. मानवी शरीरात ते ६०० हून अधिक असून प्रौढाच्या वजनाचा साधारण ४० टक्के भाग त्यांचा असतो. स्नायूला फक्त ओढता येते, ढकलता येत नाही. त्यामुळे कोपर वाकवायला दंडाचा पुढचा स्नायू लागतो आणि सरळ करायला मागचा.

प्रत्येक स्नायू तंतूंच्या जुडग्यांचा बनलेला असतो. एक तंतू म्हणजे एकच पेशी; मात्र ती भ्रूणावस्थेत अनेक पेशी एकमेकींत मिसळून तयार झालेली असल्याने तिच्यात पुष्कळ केंद्रके असतात. तिची जाडी १० ते १०० मायक्रोमीटर, तर लांबी कित्येक सेंटिमीटर असू शकते. तिच्या आत सुमारे १ मायक्रोमीटर जाडीचे तंतुक दाटीने भरलेले असतात. सूक्ष्मदर्शकाखाली तंतुकांवर फिकट व गडद आडवे पट्टे दिसतात. फिकट पट्ट्याच्या मधोमध दिसणारी बारीक रेषा म्हणजे झेड रेषा, आणि लागोपाठच्या दोन झेड रेषांमधला तुकडा म्हणजे सार्कोमिअर. आकुंचनाचे सगळे काम या जेमतेम २ ते २.५ मायक्रोमीटरच्या तुकड्यात चालते. झेड रेषांना ॲक्टिन या प्रथिनाचे बारीक धागे जोडलेले असतात, तर मध्यभागी मायोसिन या प्रथिनाचे जाड धागे असतात.

स्नायू आखडतो तेव्हा त्यातले धागेही आखडत असावेत, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात धाग्यांची लांबी तेवढीच राहते. ते एकमेकांवरून सरकतात. १९५४ साली ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन स्वतंत्र गटांनी हे मांडले : अँड्र्यू हक्स्ली व रॉल्फ नीडरगेर्के, आणि ह्यू हक्स्ली व जीन हॅन्सन. (दोन्ही हक्स्ली एकमेकांचे नातेवाईक नव्हते.) आकुंचनात फिकट पट्टा अरुंद होतो, गडद पट्ट्याची रुंदी मात्र बदलत नाही, हा त्यांचा मुख्य पुरावा होता.

चेतातंतूच्या टोकाकडून ॲसिटिलकोलीन हे संदेशवाहक रसायन स्रवले की विद्युत्‌संदेश तंतूभर पसरतो आणि आतल्या जाळीतून कॅल्शियम बाहेर पडते. ते ॲक्टिनच्या धाग्यावरच्या ट्रोपोनिन या प्रथिनाला चिकटते, मायोसिनला पकडायच्या जागा झाकणारे ट्रोपोमायोसिन हे प्रथिन बाजूला सरते आणि त्या जागा मोकळ्या होतात. मग मायोसिनच्या धाग्यातून बाहेर आलेली टोके, म्हणजे त्याची डोकी, ॲक्टिनला धरतात, वाकून ओढतात, सोडतात आणि पुढची जागा पकडतात. रहाटाचा दोर आळीपाळीने हात बदलत ओढावा तसा हा प्रकार आहे. सगळी डोकी एकाच वेळी सुटत नाहीत, म्हणून ओढलेला धागा मागे घसरत नाही.

यातली एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. पकड सोडण्यासाठीही एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) लागते आणि कॅल्शियम परत जाळीत भरण्यासाठीही. म्हणजे सैल पडणे हेसुद्धा फुकटचे काम नव्हे. मृत्यूनंतर एटीपी संपले की डोकी अडकून बसतात व शरीर ताठरते. पुढे प्रथिनांचे विघटन झाल्यावर हा ताठरपणा ओसरतो.

जोर कमी-जास्त करणे चेतासंस्थेच्या हाती असते. एक चेतापेशी व तिच्या ताब्यातले तंतू मिळून एक प्रेरक एकक होते. डोळा फिरवणाऱ्या स्नायूंत अशा एककात मोजकेच तंतू असतात, तर पोटरीत हजाराहून अधिक. पोटरी म्हणूनच ताकदवान असते, पण नजरेइतकी नेमकी हालचाल तिला जमत नाही.