मोटरसायकल शर्यतीतील धोकादायक ट्रॅक : जबाबदारी व भरपाई

ट्रॅकवर सांडलेले ऑइल, साचलेले पाणी, उखडलेले डांबर किंवा चुकीच्या जागी उभारलेला कठडा यांमुळे शर्यतीत अपघात झाल्यास दोष कोणाचा आणि स्वाराला किंवा त्याच्या वारसांना भरपाई कशाच्या आधारे मिळते, याविषयीचे नियम व प्रघात. शर्यतीत उतरणारा स्वार वेगाचा व चुरशीचा धोका स्वखुशीने पत्करतो, हे बहुतेक कायदेपद्धतींत मान्य आहे. वाद होतो तो आयोजकाला टाळता आला असता अशा धोक्यावरून. दुचाकीचा प्रत्येक टायर जेमतेम तळहाताएवढ्या भागावर जमिनीला टेकलेला असतो. त्यामुळे मोटारीला किरकोळ वाटणारा ऑइलचा पट्टा वळणावर झुकलेल्या स्वाराला सरळ कठड्यावर नेऊन आदळू शकतो.

या विषयाची चर्चा बहुधा मोंझा (इटली) येथील 20 मे 1973 च्या अपघातापासून सुरू होते. 250 सीसी शर्यतीच्या पहिल्याच फेरीत कुर्वा ग्रांदे या वळणावर रेन्झो पासोलिनी घसरला. मागून येणारा यार्नो सारिनेन, जो 1972 चा 250 सीसी जगज्जेता होता, त्यात सापडला. दोघेही मरण पावले व आणखी अनेक स्वार एकमेकांवर आदळून पडले. कारणाविषयी दोन मते आहेत. पहिल्या मतानुसार, आधीच्या 350 सीसी शर्यतीत अखेरच्या फेऱ्यांमध्ये वॉल्टर व्हिला या स्वाराच्या बेनेली मोटरसायकलीतून गळलेले ऑइल साफ न करताच पुढची शर्यत सुरू करण्यात आली. जॉन डॉड्स या स्वाराने अधिकाऱ्यांकडे याची तक्रार केली होती, पण तिची दखल घेतली गेली नाही. दुसरे मत असे की, पासोलिनीच्या दोन-स्ट्रोक इंजिनाने ऐन वेळी जाम धरला व मागचे चाक अडकले. सप्टेंबर 1973 मधील अधिकृत चौकशीने हेच कारण ग्राह्य धरले आणि नंतरच्या बऱ्याच लेखकांचा कलही तिकडेच दिसतो. तरीही ऑइलचा मुद्दा निकालात निघाला असे म्हणणे धाडसाचे होईल, कारण इंजिन जाम झाले म्हणजे ट्रॅक कोरडा होता असे सिद्ध होत नाही. भरपाईच्या दृष्टीने मात्र हा फरक कळीचा आहे. दोष इंजिनाचा ठरला तर तो स्वार व संघ यांच्यापुरता राहतो. ऑइलचा ठरला तर तक्रार मिळूनही शर्यत सुरू करणाऱ्या आयोजकापर्यंत पोहोचतो. वळणालगतच्या पोलादी कठड्यांबाबत मात्र मतभेद जवळजवळ नाही. मोटारींच्या दृष्टीने बसवलेल्या या कठड्यांमुळे पडलेला स्वार व त्याची गाडी पुन्हा ट्रॅकवर फेकली जात. त्याच वर्षी जुलैमध्ये त्याच वळणावर ज्युनियर शर्यतीत आणखी तीन स्वार दगावले.

1979 मध्ये बेल्जियमच्या स्पा येथे शर्यतीच्या काही दिवस आधीच डांबरीकरण झाले होते व पृष्ठभाग निसरडा होता. केनी रॉबर्ट्ससह आघाडीच्या स्वारांनी धावण्यास नकार दिला. आंतरराष्ट्रीय महासंघाने (एफआयएम) प्रथम कारवाई केली ती ट्रॅकवर नव्हे, तर स्वारांवरच.

सध्या जागतिक स्पर्धेच्या ट्रॅकला एफआयएमची मान्यता लागते आणि स्वारांच्या सुरक्षा समितीचे म्हणणे ऐकले जाते. पिवळा व लाल उभ्या पट्ट्यांचा झेंडा म्हणजे पुढे पावसाखेरीज अन्य कारणाने पकड कमी झाली आहे; पांढऱ्यावर तिरका लाल क्रॉस म्हणजे पाऊस. दावा उभा राहिला की यांपैकी योग्य तो झेंडा कितव्या मिनिटाला हलवला, हा प्रश्न निघतोच. सिल्व्हरस्टोन (इंग्लंड) येथे 2018 मध्ये नव्याने डांबरीकरण केलेल्या ट्रॅकवरून पाणी वाहून जाईना. शनिवारी स्टो वळणाच्या आधी आलेक्स रिन्सने पाण्यावर तरंगू लागलेल्या गाडीवरून अंग टाकले आणि बाजूला उभा राहून मागच्यांना हात करू लागला. तेवढ्यात तितो राबात पडला. पाठोपाठ घसरत आलेल्या दुसऱ्या गाडीने त्याचा पाय अनेक ठिकाणी मोडला. रविवारची शर्यत रद्द झाली व पुढील वर्षी ट्रॅक पुन्हा डांबरून घ्यावा लागला.

स्वाराने आधी सही केलेल्या, दावा न करण्याच्या हमीपत्राचे वजन देशागणिक बदलते. इंग्लंडमध्ये 1972 च्या एका मोटार-शर्यत खटल्यात निव्वळ सूचनाफलक आयोजकांना वाचवण्यास पुरेसा ठरला होता. 1977 च्या कायद्यानंतर निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूची वा इजेची जबाबदारी व्यावसायिक आयोजकाला अशा फलकाने झटकता येत नाही. कॅलिफोर्नियात हमीपत्र सामान्य निष्काळजीपणापुरते चालते, घोर निष्काळजीपणाला नाही. 2011 मध्ये तेथील एका मोटोक्रॉस (उंचवट्यांवरून उड्या घेत मातीच्या ट्रॅकवर होणारी शर्यत) प्रकरणात उडीपाशी धोक्याचा इशारा देणारा झेंडेवाला नसल्याने पडलेल्या स्वारावर मागच्या गाड्या आल्या. अपील न्यायालयाने हमीपत्र वैध मानले, तरीही झेंडेवाला न ठेवणे हा घोर निष्काळजीपणा होता का, हे खटल्यात ठरावे असे सांगितले.

ट्रॅक तपासणाऱ्या संस्थेची जबाबदारी किती, यावर गुडवूड येथील मोटार-अपघाताचा 2004 चा इंग्लिश निकाल मार्गदर्शक मानला जातो. ट्रॅकमालक व तपासणी करणारी राष्ट्रीय संघटना यांच्यावर काळजी घेण्याचे कर्तव्य होते, मोटार-शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय महासंघावर (एफआयए) नव्हते, असे न्यायालयाने म्हटले. कर्तव्यभंग मात्र कोणाचाच सिद्ध झाला नाही. दुचाकींना हे सूत्र जसेच्या तसे लावावे का, हे वादाचे आहे. जे टायर रचून केलेले कुंपण मोटारीला पुरते, ते अंगावर फक्त चामडी सूट असलेल्या माणसाला पुरेलच असे नाही.

प्रत्यक्षात बहुतेक पैसा न्यायालयाऐवजी विम्यातून येतो. स्वाराच्या शर्यत-परवान्याबरोबर मृत्यू, कायमचे अपंगत्व, उपचार व मायदेशी परत आणण्याचा खर्च यांचे संरक्षण अपेक्षित असते. तिऱ्हाइतांसाठी आयोजकाचा विमा वेगळा. युरोपीय संघाने 2021 च्या निर्देशाने बंदिस्त जागेतील शर्यतींना सक्तीच्या वाहनविम्यातून वगळले. अट एवढीच की, प्रेक्षकांसह तिऱ्हाइतांच्या नुकसानीसाठी आयोजकाकडे पर्यायी विमा किंवा हमी असली पाहिजे. भाग घेणारे स्वार व त्यांची वाहने त्या पर्यायी विम्यात असणे सक्तीचे नाही.