पाऱ्याचे सीमाशुल्क वर्गीकरण आणि आंतरराष्ट्रीय व्यापार

पारा, त्याची संयुगे, पारदमेल (अमाल्गम, म्हणजे पाऱ्याचे इतर धातूंशी झालेले मिश्रधातू) आणि पारायुक्त वस्तू सीमा ओलांडताना कोणत्या संकेतांकाखाली नोंदवाव्यात आणि कोणत्या परवानगीने पाठवाव्यात, याचे नियम. वर्गीकरणाचा आधार जागतिक सीमाशुल्क संघटनेची हार्मोनाइज्ड सिस्टीम (एचएस) ही सहा अंकी नामावली आहे (पहिले दोन अंक प्रकरणाचे, चार अंक शीर्षकाचे, सहा अंक उपशीर्षकाचे), तर व्यापारावरील निर्बंध मुख्यतः पाऱ्याविषयीच्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारातून येतात. या दोन्हींच्या व्याख्या एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत. बहुतेक अडचणींचे मूळ तिथेच आहे.

पारा धातू असला तरी लोखंड, तांबे, शिसे यांच्या विभागात त्याला जागा नाही. तो रसायनांच्या २८ व्या प्रकरणात, अल्क धातू आणि विरल मृदा धातूंच्या शेजारी, २८०५.४० या उपशीर्षकात येतो. शुद्धतेनुसार इथे वेगळे भाग नाहीत. खाणीतला, वापरून पुन्हा गाळलेला आणि प्रयोगशाळेसाठी ऊर्ध्वपातित केलेला पारा एकाच संकेतांकात मोडतो. नैसर्गिक हिंगूळ (मर्क्युरिक सल्फाइडचे लाल खनिज) मात्र २६१७.९० मध्ये, म्हणजे धातुकांत जातो. पारा काढण्यासाठी वापरले जाणारे खनिज प्रत्यक्षात रंगासाठी जात असले तरी ते धातुकच मानावे, असे २६ व्या प्रकरणाची टीप सांगते. कृत्रिमरीत्या बनवलेला मर्क्युरिक सल्फाइड हा संयुग म्हणून २८५२ मध्ये येतो. रासायनिक सूत्र एकच, पण प्रकरणे दोन. म्हणून बीजकावर नुसते ‘हिंगूळ’ लिहून भागत नाही.

२८५२ हे शीर्षक २००७ च्या आवृत्तीत आले. त्याआधी पाऱ्याचे क्लोराइड क्लोराइडांत, ऑक्साइड ऑक्साइडांत, कार्बनी संयुगे २९ व्या प्रकरणात अशी विखुरलेली होती. २०१२ मध्ये त्याचे दोन भाग झाले : निश्चित रासायनिक रचनेची संयुगे २८५२.१० मध्ये, बाकीची २८५२.९० मध्ये. सहाव्या विभागाच्या पहिल्या टिपेने या शीर्षकाला त्या विभागातील इतर शीर्षकांवर अग्रक्रम दिला आहे. सोय झाली, पण आकडेवारी धूसर राहिली. धातू परत मिळवण्यासाठी टनांनी जाणारे कॅलोमेल (मर्क्युरस क्लोराइड) आणि जंतुनाशक म्हणून ग्रॅमांत लागणारे थायोमर्सल २८५२.१० मध्ये एकत्रच मोजले जातात. हा फरक पाहायचा असेल तर देशाने सहा अंकांपुढे स्वतःचे उपविभाग करावे लागतात, आणि ते करायलाच हवेत.

पारदमेल २८५२ मधून वगळलेले आहेत. सोने, चांदी यांसारखा मौल्यवान धातू असलेले २८४३.९० मध्ये, बाकीचे २८५३.९० मध्ये. दातांत भरण्यासाठी खास तयार केलेली मिश्रधातूची पूड पारा नसतानाही व्यवहारात ‘अमाल्गम’ म्हणवली जाते. तिची जागा ३००६.४० आहे. तयार वस्तूंत द्रवभरित तापमापी ९०२५.११, पारावाफेचे दिवे ८५३९.३२ आणि मर्क्युरिक ऑक्साइडचे विद्युतघट (बॅटरी) ८५०६.३० मध्ये येतात. ९०२५.११ मध्ये अल्कोहोलची तापमापीही असते, त्यामुळे संकेतांकावरून आत पारा आहे की नाही ते कळत नाही.

मिनामाता करार १० ऑक्टोबर २०१३ रोजी स्वीकारला गेला आणि १६ ऑगस्ट २०१७ पासून लागू झाला. त्याच्या तिसऱ्या कलमातील व्यापारनियमांसाठी ‘पारा’ म्हणजे शुद्ध पारा, तसेच वजनाने किमान ९५ टक्के पारा असलेली मिश्रणे व मिश्रधातू. प्रयोगशाळेतील संशोधनापुरते प्रमाण वगळलेले आहे. निर्यातीसाठी आयातदार देशाची लेखी संमती लागते, आणि वापर करारात मान्य असलेला किंवा पर्यावरणदृष्ट्या सुरक्षित तात्पुरत्या साठवणुकीचा असावा लागतो. आयातदार देशाने सर्वसाधारण संमतीचा ड नमुना सचिवालयाकडे दिला असेल तर त्यावर भागते. नसेल तर सदस्य देशाकडून अ नमुना मिळवावा लागतो. सदस्य नसलेल्या देशासाठी ब नमुना आहे. अशा देशाकडून पारा घेताना क नमुन्यावर स्रोताचे प्रमाणपत्र लागते : पारा नव्या खाणीतला किंवा बंद केलेल्या क्लोर-अल्कली (क्लोरीन व कॉस्टिक सोडा बनवणाऱ्या) कारखान्यातला नाही, असे त्यात नमूद असते.

इथे एक चूक वारंवार होते. सीमाशुल्काचे मूळ-देशाचे प्रमाणपत्र माल कोणत्या देशाचा ते सांगते; करार मात्र पारा खाणीतून, पुनर्चक्रणातून की कारखान्यातून आला हे विचारतो. पहिला कागद दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही. खाणीतला पारा हाताने चालणाऱ्या सोन्याच्या खाणकामासाठी देता येत नाही, म्हणूनही स्रोताची नोंद महत्त्वाची.

देशोदेशीचे नियम याहून कडक असू शकतात. युरोपीय संघाने १५ मार्च २०११ पासून धातुरूप पाऱ्याची निर्यात थांबवली. सोबत कॅलोमेल, हिंगुळाचे धातुक, मर्क्युरिक ऑक्साइड आणि ९५ टक्क्यांची मिश्रणेही रोखली, शिवाय केवळ निर्यातीसाठी पाऱ्यात दुसरे काही मिसळण्यावरही बंदी घातली. नाहीतर ९४ टक्क्यांचे मिश्रण पाठवून पलीकडे पारा वेगळा करणे सोपे झाले असते. अमेरिकेची धातूवरील बंदी १ जानेवारी २०१३ पासून आहे. टाकाऊ पारा असेल तर घातक कचऱ्याच्या सीमापार वाहतुकीचा बासेल करार लागू होतो. त्यात पारा व त्याची संयुगे वाय२९ या वर्गात आहेत.

व्यापारातले पारंपरिक माप म्हणजे पोलादी फ्लास्क : ७६ पौंड, सुमारे ३४.५ किलो. २५ अंश सेल्सिअसला पाऱ्याची घनता प्रति घन सेंटिमीटर १३.५३ ग्रॅम असल्याने एवढा पारा जेमतेम अडीच लिटर भरतो. वीस टनांचे आकारमान दीड घनमीटरही होत नाही. त्यामुळे कंटेनर जवळपास रिकामा दिसत असताना वजन मर्यादेला टेकते, आणि भार तळावर नीट विभागला नाही तर तळ धोक्यात येतो. तपासनिसाला हीच घनता उपयोगी पडते : जाहीर केलेला माल आणि डब्याचे वजन-आकारमान जुळत नसेल तर डबा उघडावा, मात्र हवा खेळती ठेवून, कारण पाऱ्याची वाफ दिसत नाही आणि तिला वासही नसतो.

वाहतुकीत पाऱ्याचा संयुक्त राष्ट्र क्रमांक २८०९ आहे. मुख्य वर्ग ८ (क्षरणकारी), दुय्यम धोका ६.१ (विषारी), वेष्टनगट ३. वस्तूंच्या आत असलेल्या पाऱ्याला ३५०६ हा क्रमांक लागतो. क्षरणकारी हा शेरा प्रामुख्याने ॲल्युमिनियममुळे आहे. सांडलेला पारा त्याच्याशी पारदमेल बनवतो, पृष्ठभागावरचा संरक्षक ऑक्साइडचा थर तुटतो आणि धातू खात जातो. विमानाच्या सांगाड्यात हे घडले तर दुरुस्ती फार कठीण, म्हणून हवाई मालासाठी पारा झिरपू न देणारे आतले अस्तर लागते.