सिम्प्लेक्स रिपीटर आणि ड्युप्लेक्स रिपीटर: नाव एक, काम वेगळं

रिपीटर म्हणजे रेडिओवरचं बोलणं पकडून पुढे पाठवणारं स्टेशन. सिम्प्लेक्स आणि ड्युप्लेक्स दोन्हींना रिपीटरच म्हणतात, दोन्ही उंचावर बसवतात आणि दोन्हींमुळे डोंगराआडचा माणूस ऐकू येतो. फरक आतल्या कामात आहे. ड्युप्लेक्स रिपीटर एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर ते पुढे पाठवतो. सिम्प्लेक्स रिपीटर एकाच फ्रिक्वेन्सीवर असतो: तुमचं बोलणं रेकॉर्ड करतो आणि तुम्ही पीटीटी (बोलताना दाबून धरायचं बटण) सोडलं की वाजवतो. एकाला जास्तीची फ्रिक्वेन्सी लागते, दुसऱ्याला जास्तीचा वेळ.

हा वेळच आणीबाणीत नडतो. २० सेकंदांच्या निरोपाला ४० सेकंद चॅनल अडतो. वाजवणं चालू असताना रिसीव्हर बहिरा असतो, म्हणून "थांबा, तातडीचं आहे" म्हणायला मध्ये घुसता येत नाही. जवळच्यांना प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येतं; पहिल्यांदा ऐकून लगेच उत्तर दिलं, तर ते वाजणाऱ्या रेकॉर्डिंगवर आदळतं. म्हणून नियम एकच: वाजून संपेपर्यंत पीटीटी दाबायचं नाही. एकमेकांच्या टप्प्यात, एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन असे रिपीटर लावले तर तेच वाक्य ते एकमेकांना ऐकवत बसतात. रिसीव्हला सीटीसीएसएस टोन (बोलण्यासोबत जाणारा, सहसा ऐकू न येणारा ओळखीचा सूर) सक्तीचा आणि ट्रान्समिट टोनविना ठेवला की हे थांबतं. रिपीटर म्हणून हँडहेल्ड (हातात धरायचा रेडिओ) वापरत असाल तर पॉवर कमी ठेवा. निम्मा वेळ ट्रान्समिट करून तो तापतो.

इतकं असूनही एक रेडिओ, एक कंट्रोलर, एक बॅटरी आणि एक अँटेना एवढ्यावर सिम्प्लेक्स रिपीटर तासाभरात उभा राहतो. ड्युप्लेक्सचं तसं नाही. २ मीटर बँडवर (१४४ मेगाहर्ट्झच्या आसपासचा हॅम बँड) दोन फ्रिक्वेन्सींत सहसा ६०० किलोहर्ट्झचंच अंतर असतं, आणि २५ वॅटचा ट्रान्समीटर व मायक्रोव्होल्टच्या अंशाएवढा क्षीण सिग्नल ऐकणारा रिसीव्हर एकाच अँटेनावर लावायचे असतात. त्यासाठी त्याच जोडीला ट्यून केलेला कॅव्हिटी ड्युप्लेक्सर (दोन फ्रिक्वेन्सी वेगळ्या ठेवणारा फिल्टर) हवा. जोडी बदलली की पुन्हा ट्यूनिंग. ते नीट नसेल तर जोरदार स्टेशनं व्यवस्थित येतात, पण कमकुवत स्टेशन ट्रान्समीटर चालू होताच खरखरीत बुडतं. तपासायचं असं: कपलरमधून (अँटेनाच्या लाइनमध्ये थोडासा सिग्नल सोडणारा जोड) कमकुवत सिग्नल द्या, रिसीव्हरचा आवाज थेट ऐका, ट्रान्समीटर हाताने चालू-बंद करा. अँटेनाऐवजी डमी लोड (पॉवर हवेत न सोडता जिरवणारा भार) लावल्यावर खरखर गेली, तर दोष अँटेनात, केबलमध्ये किंवा कनेक्टरमध्ये आहे. तशीच राहिली, तर ड्युप्लेक्सर आणि जोडकेबली तपासा.

वापरणाऱ्यांचा घोटाळा मात्र प्रोग्रामिंगमध्ये होतो. ड्युप्लेक्ससाठी आउटपुट (रिपीटर पाठवतो ती फ्रिक्वेन्सी) १४५.७०० मेगाहर्ट्झ आणि ऑफसेट (ऐकण्या-बोलण्याच्या फ्रिक्वेन्सींतला फरक) उणे ६०० किलोहर्ट्झ असेल, तर तुमचा रेडिओ १४५.१०० वर बोलतो. सगळे ऐकू येतात पण तुमची कोणी दखल घेत नाही? ऑफसेटची दिशा किंवा टोन चुकलाय. सिम्प्लेक्स रिपीटरला ऑफसेट बंदच हवा. तो चुकून चालू राहिला, तर बाकीचे ऐकू येतात, पण तुमचं बोलणं भलतीकडे जातं आणि ते परत वाजत नाही.

बरीच स्टेशनं एकाच नेटवर (एका चॅनलवरच्या सामूहिक संवादात) बोलणार असतील, तर ड्युप्लेक्सच, आणि तोही आपत्तीच्या आधी बसवून तपासलेला. एखादी दरी भरून काढायची आणि निरोप थोडे, तिथे सिम्प्लेक्स पुरतो. मात्र बंद पडलेल्या ड्युप्लेक्सच्या आउटपुट फ्रिक्वेन्सीवर तो लावू नका. मूळ रिपीटर परत चालू झाला की तो पाठवेल ते प्रत्येक वाक्य सिम्प्लेक्स पुन्हा वाजवत बसतो. दोघांना वेगळ्या फ्रिक्वेन्सी द्या, आणि दोन्ही मेमरी सगळ्यांच्या रेडिओत आधीच भरून ठेवा.