कॅलकटा आणि आयपीएल: बोली सारखी, पैशाची वाट वेगळी

अमेरिकेत पूल (बिलियर्ड्ससारखा टेबलावरचा खेळ) खेळायला लागलेला आपला माणूस ‘कॅलकटा’, म्हणजे स्पर्धेआधी खेळाडूंवर होणारा लिलाव, पहिल्यांदा बघतो आणि घरी फोनवर सांगतो, ‘अगदी आयपीएलचं ऑक्शन रे!’ मग तोच गैरसमज घेऊन पुढच्या स्पर्धेत बोली लावतो आणि पैसे घालवून बसतो. नाव पुकारलं जातं, बोली चढते, हातोडा पडतो, इथवर साम्य खरं आहे. त्यापुढे दोन्हींचा काही संबंध नाही.

आयपीएल तुम्हाला पाठ आहे, त्यामुळे एकच आकडा पुरे. नोव्हेंबर 2024 मध्ये जेद्दाच्या मेगा लिलावात लखनौने ऋषभ पंतवर 27 कोटी लावले. ते 27 कोटी पंतचं मानधन ठरले. बोलीचा पैसा खेळाडूच्या खिशात आणि खेळाडू संघाच्या जर्सीत, असा तो सरळ हिशेब.

कॅलकट्यात खेळाडूला बोलीतला छदामही मिळत नाही. तो कोणाच्या संघातही जात नाही. पूल हॉलमध्ये किंवा बारमध्ये एट-बॉलची, नाइन-बॉलची स्पर्धा असते. प्रत्येकजण प्रवेश फी भरतो आणि त्यातून खेळाडूंची बक्षिसं निघतात. हा झाला पहिला पॉट, म्हणजे जमलेली रक्कम. त्यानंतर, पहिला ब्रेक (खेळ सुरू करणारा फटका) व्हायच्या आधी, खेळाडूंची नावं एकेक करून पुकारतात. हॉलमधला कोणीही बोली लावू शकतो. बोलीचा सगळा पैसा दुसऱ्या, वेगळ्या पॉटमध्ये जातो. स्पर्धा संपली की पहिल्या तीन-चार क्रमांकांवर आलेल्या खेळाडूंना ज्यांनी ‘विकत घेतलं’ त्यांच्यात तो पॉट ठरल्या टक्क्यांनी वाटला जातो. थोडक्यात, खेळाडू विकला जात नाही, त्याच्या निकालावरचा हक्क विकला जातो. हे नाव इंग्रजांच्या काळातल्या कलकत्त्यावरून आलं, डर्बी या घोड्यांच्या शर्यतीवरच्या तिथल्या ‘स्वीप’वरून, म्हणजे सोडतीवरून. घोड्यांवरून ते गोल्फवर आलं आणि तिथून पूलवर.

आता मुख्य घोळ. आयपीएल बघून बघून आपल्या डोक्यात पक्कं बसलंय की चांगल्या खेळाडूला जास्त भाव द्यायचा. कॅलकट्यात भाव स्वस्त की महाग हे नुसत्या खेळाडूवरून ठरत नाही, एकूण पॉट किती जमला त्यावरूनही ठरतं.

समजा 16 खेळाडू आहेत आणि वाटप 50-30-20 आहे. एक तगडा खेळाडू तुम्ही 600 डॉलरला घेतला. तुमचा अंदाज असा की तो पहिला येण्याची शक्यता 25 टक्के, दुसरा येण्याची 20 आणि तिसरा येण्याची 15. एकूण पॉट 4000 चा झाला तर पहिल्याला 2000, दुसऱ्याला 1200, तिसऱ्याला 800. शक्यतांनी गुणून बेरीज करा: 500 अधिक 240 अधिक 120, म्हणजे 860. सहाशेला घेतलेला माल आठशे साठचा निघाला. पण बाकीच्यांनी हात आखडला आणि पॉट 2000 वरच थांबला, तर तीच बेरीज 430 होते. खेळाडू तोच, त्याचा खेळ तोच, तुमची बोलीही तीच. फक्त सौदा तोट्याचा झाला.

आणि खरी गोम अशी की तुम्ही बोली लावता तेव्हा पॉट किती होणार हे कोणालाच माहीत नसतं. म्हणून पहिली चार-पाच नावं अंदाजानेच जातात, आणि शेवटच्या नावांपर्यंत अनुभवी माणूस कागदावर चालू बेरीज घेऊन बसलेला असतो. लिलाव पुकारणाऱ्याने प्रत्येक विक्रीनंतर एकूण रक्कम मोठ्याने सांगायलाच हवी. जिथे सांगत नाहीत तिथे बोली लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नावं चिठ्ठ्या टाकून काढावीत. तगड्यांना शेवटी ठेवण्याची पद्धत आयोजकांना आवडते, कारण पॉट फुगतो. पण त्यामुळे सुरुवातीच्या खरेदीदारांना उगाच फायदा होतो.

दुसरा घोळ निम्म्या हिश्श्याचा. हातोडा पडला की खेळाडूला स्वतःचा निम्मा हिस्सा त्याच भावाने घेण्याचा हक्क असतो. बहुतेक ठिकाणी हा रिवाज इतका रुळलेला आहे की खरेदीदाराला नाही म्हणता येत नाही. आपले लोक इथे हमखास आरटीएम कार्ड आठवतात. आरटीएम (‘राइट टू मॅच’, म्हणजे बोलीची बरोबरी करून खेळाडू परत घेण्याचा हक्क) जुन्या संघाच्या हातात असतं. हा हक्क खुद्द खेळाडूचा, आणि तोही फक्त निम्म्याचा. 600 ला विकला गेलेला खेळाडू 300 देतो आणि पुढे जे येईल त्यातलं अर्धं त्याचं. ते 300 खरेदीदाराला मिळतात, पॉटमध्ये पडत नाहीत. नवखा आयोजक खरेदीदाराकडून 600 घेतो, खेळाडूकडून वर 300 घेतो, नऊशे मांडतो आणि रात्री वाटपाच्या वेळी डोकं धरून बसतो. एका नावावर पॉटमध्ये एकदाच 600. मग ते एकाने भरले की दोघांनी तीनशे-तीनशे, हा त्यांचा त्यांचा प्रश्न.

हा हिस्सा खेळाडूवर मेहेरबानी म्हणून ठेवलेला नाही. वरच्याच उदाहरणात प्रवेश फी 40 डॉलर असेल तर बक्षिसांचा सगळा पॉट 640 चा. त्यात जिंकणाऱ्याला मिळणार फार तर तीनशे-सव्वातीनशे. कॅलकट्यात मात्र त्याच्या जिंकण्यावर दुसऱ्याचे 2000 लागलेले. ज्याचा स्वतःत काहीच हिस्सा नाही, त्याला समोरच्या खेळाडूच्या मालकाने, म्हणजे खरेदीदाराने, कोपऱ्यात घेऊन चारशे देऊ केले तर आठ नंबरची बॉल ‘चुकून’ खिशाच्या तोंडाशी थांबते. निम्मा हिस्सा असला की हरणं त्यालाही महाग पडतं. हिस्सा घ्यायचा की नाही हा निर्णय मात्र तिथल्या तिथे घ्यायचा, पुढचं नाव पुकारण्याआधी. ‘ड्रॉ (कोण कोणाशी खेळणार ते) बघून सांगतो’ हे चालवून घेऊ नये. ड्रॉ बघून आपला हिस्सा ठरवणारा फुकटात जास्त माहिती वापरतो, आणि ती किंमत खरेदीदार मोजतो.

यावरूनच ठरतं की लिलाव आधी आणि ड्रॉ नंतर. ड्रॉ सगळ्यांसमोर व्हावा, कारण आयोजकानेही कोणाला तरी विकत घेतलेलं असू शकतं. लिलाव पुकारणाऱ्याने तर बोली लावूच नये. खेळाडूने दुसऱ्या खेळाडूत हिस्सा घ्यावा का? काही हॉल घेऊ देतात. मला ते अजिबात पटत नाही. उपांत्य फेरीत तुमच्यासमोर तुमचाच माल उभा राहिला तर तुमच्या प्रत्येक चुकलेल्या शॉटकडे लोक संशयाने बघणार, आणि त्यांना बोल लावता येणार नाही.

बाकीचे शिष्टाचार साधे आहेत. पैसे रोख आणि पहिल्या ब्रेकच्या आधी. ‘जिंकल्यावर वळते करा’ म्हणणाऱ्याची बोली धरू नये. फी भरून हजर असलेल्यांचीच नावं पुकारावीत, आणि लिलावानंतर नवी एंट्री घेऊ नये. ज्यांच्यावर कोणी बोलीच लावत नाही त्यांना एकत्र करून ‘फील्ड’ म्हणून एका लॉटमध्ये विकतात. एकट्याने आलेल्या नवख्याचं नाव तीनदा पुकारून हसं करण्यापेक्षा हे बरं. विकला गेलेला खेळाडू एकही बॉल न मारता निघून गेला तर पैसे परत, एकदा खेळला की नाही. आणि मालक असलात तरी टेबलाच्या कडेला उभं राहून ‘बँक मार, बँक मार’ (कडेवर आपटून मार) करायचं नाही. जर्सी तुम्ही दिलेली नाही, तेव्हा डगआउटही तुमचा नाही.

एका गोष्टीवर मात्र दरवेळी भांडण होतं आणि तरी कोणी आधी लिहून ठेवत नाही. रात्रीचा दीड वाजलेला असतो, डबल एलिमिनेशनची (दोनदा हरल्यावर बाद होण्याच्या पद्धतीची) फायनल बाकी असते, दोघेही दमलेले. ते आपसात ठरवतात की बक्षीस निम्मं-निम्मं वाटून घेऊ, घरी जाऊ. प्रवेश फीच्या पॉटपुरता हा त्यांचा हक्क. पण कॅलकट्यातले 50 टक्के आणि 30 टक्के कोणत्या मालकाचे, हे न खेळता ठरणार कसं? दोन्ही मालकांना विचारल्याशिवाय वाटणी होऊ शकत नाही, आणि एकाने जरी नकार दिला तर फायनल खेळावीच लागते. हा नियम लिलावाच्या आधी मोठ्याने वाचून दाखवावा.

हँडिकॅप (रेटिंग पाहून कमजोर खेळाडूला दिलेली सवलत) असलेल्या स्पर्धेत आणखी एक धोका: रेटिंग मुद्दाम खाली ठेवून आलेला भिडू. यावरून 1955 साली लाँग आयलंडवरच्या डीपडेल गोल्फ क्लबात मोठं प्रकरण झालं. हँडिकॅप 17 आणि 18 सांगून आलेले दोघे प्रत्यक्षात 3 चे निघाले आणि कॅलकट्यातली मोठी रक्कम घेऊन गेले. त्यानंतर अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने अशा लिलावांपासून हात झटकले. पूलमध्ये अनोळखी माणूस कमी रेटिंगवर आला आणि त्याच्यावर अचानक दोघे-तिघे ईर्ष्येने बोली चढवू लागले, तर त्या नावावरून गप्प बाजूला व्हावं.

कायद्याचं म्हणाल तर अमेरिकेत राज्याराज्याचा नियम निराळा. नॉर्थ डकोटात परवाना घेतलेल्या धर्मादाय संस्थांना चालवता येणाऱ्या खेळांच्या यादीत कॅलकटा आहे, अनेक ठिकाणी तो सरळ जुगारात मोडतो. महाराष्ट्रात 1887 चा जुगारप्रतिबंधक कायदा आजही लागू आहे. तेव्हा सुट्टीत पुण्याला आल्यावर क्लबातल्या मित्रांना नियम खुशाल समजावून सांगा, लिलाव मात्र पुकारू नका.