माणसांना चंद्रावर उतरवणारा लँडर: मूळ 1962 च्या वादात

माणसांना चंद्रावर नेणाऱ्या अमेरिकेच्या अपोलो मोहिमांचा लँडर जेमतेम 7 मीटर उंच होता. आता पुन्हा चंद्रावर जायच्या आर्टेमिस मोहिमेसाठी निवडलेला स्टारशिप लँडर सुमारे 50 मीटरचा आहे. काम तेच, माणसांना उतरवून परत आणायचे. एवढा फरक का, हे समजायला आधी जाण्या-येण्याचा मार्ग कसा ठरला ते पाहावे लागते.

सुरुवातीला बहुतेकांनी गृहीत धरले होते की अख्खे रॉकेटच शेपटीवर उतरेल आणि तसेच परत उडेल. मोठे यान चंद्राच्या कक्षेत ठेवून छोटे खाली पाठवायची कल्पना युक्रेनमधल्या पोल्टावाच्या एका तंत्रज्ञाने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मांडली होती, पण तिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही.

1961 मध्ये अमेरिकेत ती पुन्हा पुढे आली, तेव्हा भांडणच झाले. थेट उतरायला अपोलोच्या महाकाय सॅटर्न-5 रॉकेटपेक्षाही मोठे रॉकेट लागणार होते. पृथ्वीच्या कक्षेत जोडणी करायची तर दोन उड्डाणे. चंद्राच्या कक्षेत लँडर सुटा केला तर एका सॅटर्नमध्ये भागत होते. पण परतताना भेट चुकली तर दोन माणसे 3,84,000 किमीवर अडकणार. आणि तोवर अवकाशात दोन याने एकदाही जोडली गेली नव्हती! या मार्गासाठी हट्ट धरणाऱ्या अभियंत्याने वरिष्ठांना डावलून थेट वर पत्र धाडले. जुलै 1962 मध्ये त्याचा मार्ग जाहीर झाला, तरी सप्टेंबरात हंट्सव्हिलच्या रॉकेट केंद्रात खुद्द राष्ट्राध्यक्ष केनेडींसमोर त्यांच्या विज्ञान सल्लागाराने त्यावर वाद घातला.

विरोधकांना आज सरसकट आडमुठे ठरवले जाते, ते बरोबर नाही. समर्थकांनी आधी दाखवलेला सर्वांत हलका लँडर जेमतेम एक-दोन टनांचा, बंद केबिन नसलेला होता. प्रत्यक्षात तो 15 टनांवर गेला. 1960 चे दशक संपायच्या आत उतरायचे हे बंधन नसते, तर निकाल वेगळा लागू शकला असता. कक्षेत थांबणाऱ्या मुख्य यानाचे कंत्राट तर मार्ग ठरण्याआधीच दिले होते. तेच चंद्रावरून उडेल या हिशेबाने घेतलेले त्याचे इंजिन, गरजेच्या सुमारे दुप्पट ताकदीचे, शेवटपर्यंत तसेच राहिले.

लँडरला मात्र पृथ्वीच्या वातावरणात परतायचे नव्हते, त्यामुळे वजन हाच एक शत्रू उरला. आधी खुर्च्या गेल्या. माणसे उभी राहिली की चेहरा काचेजवळ येतो, म्हणून मोठ्या खिडक्यांच्या जागी छोट्या तिकोनी आल्या. पाच पायांचे चार झाले. केबिनचा पत्रा काही ठिकाणी 0.3 मिमीपर्यंत घासला गेला. वर नेणारे इंजिन एकच, त्याला पर्याय नाही. म्हणून एकमेकांना भिडताच पेटणारी दोन द्रव्ये वापरली.

सोव्हिएत लँडर एका माणसाचा, साडेपाच टनांचा. 1970-71 मध्ये पृथ्वीच्या कक्षेत तो माणसाविना नीट चालला. त्याला चंद्राकडे नेणारे रॉकेट चारही वेळा फसले.

आर्टेमिसमध्ये 1962 ला मागे पडलेला पर्याय परत आला आहे: लँडर पृथ्वीच्या कक्षेत टँकर यानांकडून इंधन भरून घेणार आणि शिवाय चंद्राच्या कक्षेत अंतराळवीरांना घेऊन आलेल्या ओरायन यानाला भेटणार. केबिन उंचावर असल्याने खाली यायला लिफ्ट. खालचा टप्पा मागे सोडायची सोय नाही, अख्खे यानच परत उडते. त्यात ओरायनचे इंजिन चंद्राच्या खालच्या कक्षेत जाऊन परतण्याइतके ताकदवान नाही. ते लांबट कक्षेत राहते आणि त्याची एक फेरी सुमारे साडेसहा दिवसांची, म्हणून तिथून खाली जाऊन परतायचे जास्तीचे काम लँडरवरच पडते. अपोलोचे मुख्य यान दर दोन तासांनी डोक्यावर येत असे.