तुमचं फीड तुमच्याच फोनात : अ‍ॅप घेतलेल्यांसाठी थोडं सविस्तर

नमस्कार मंडळी,

अ‍ॅप घेतलंत, थँक्यू. हा कागद लिहायचं कारण एवढंच की आम्ही इनमीन तीन माणसं, फोन उचलतो तोच कोडही लिहितो, आणि तेच तेच प्रश्न रोज आले की दोन्ही कामं धड होत नाहीत. तर एकदा शांतपणे वाचा, चहा घेऊन वाचा.

आधी हे सांगतो की मॅस्टोडॉन आणि ब्लूस्काय, म्हणजे ट्विटरसारख्या पोस्ट टाकायच्या जागा, आमचे नाहीत, आमचं फक्त ते वाचायचं अ‍ॅप आहे. तुमचं अकाउंट तिकडेच असतं, उद्या आमचं अ‍ॅप काढून टाकलंत तरी तुमच्या पोस्टला, फॉलोअर्सला काही होत नाही.

इन्स्टा आणि फेसबुक का नाही हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. कारण ते त्यांचं फीड, म्हणजे एकाखाली एक येणारी पोस्टची रांग, बाहेरच्या अ‍ॅपला देतच नाहीत, आणि जे कोणी आम्ही दाखवतो म्हणतात ते बहुतेक तुमचा खरा पासवर्ड मागतात, तिथं जपून. एक्सचं तर जानेवारी २०२३ मध्ये एका झटक्यात झालं, तेव्हा ते ट्विटरच होतं, बाहेरची अ‍ॅप्स अचानक चालेनाशी झाली आणि नियम मागाहून बदलले. त्याच वर्षी रेडिट या चर्चेच्या साइटनं डेटाचे पैसे लावले, रेडिट वाचायचं अपोलो नावाचं लोकांचं लाडकं अ‍ॅप होतं त्याला वर्षाचा खर्च २ कोटी डॉलरच्या घरात जाईल असा हिशोब निघाला आणि ३० जूनला ते बंद पडलं. आमच्यासारख्यांनी काय करायचं मग? म्हणून आम्ही जिथं दार उघडं आहे तिथंच गेलो. मॅस्टोडॉन अ‍ॅक्टिव्हिटीपबवर चालतं, ब्लूस्काय एटी प्रोटोकॉलवर, हे पोस्ट इकडून तिकडे पोचवायचे नियम, दोन्ही खुले आहेत, कोणीही अ‍ॅप बनवू शकतं.

आता मुद्द्याचं. प्रायव्हेट फीड म्हणजे काय?

ब्लूस्कायवर मे २०२३ पासून कोणीही स्वतःचं फीड बनवू शकतं, कोणाचं पक्ष्यांचं, कोणाचं फक्त मांजरांचं. भारी सोय आहे, पण ते फीड कोणाच्या तरी सर्व्हरवर, म्हणजे दूरच्या कायम चालू कॉम्प्युटरवर चालतं आणि तुम्ही ते उघडलं की उघडणारं अकाउंट कोणतं हे त्या सर्व्हरला कळू शकतं. आमच्यात उलटं आहे. अ‍ॅप तुम्ही फॉलो केलेल्यांच्या पोस्ट आणि तुम्ही टाकलेल्या शब्दांच्या पोस्ट फोनवर उतरवतं आणि वरखाली लावायचं काम तिथंच, फोनमध्येच होतं. तुम्ही कोणती पोस्ट उघडली, कोणती भुर्रकन सरकवली, कोणती सेव्ह केली, ही नोंद ९० दिवस फोनात राहते आणि मग पुसली जाते. आमच्याकडे ती येत नाही, कारण आमच्याकडे त्यासाठी सर्व्हरच नाहीये, खरं सांगायचं तर परवडलाही नसता.

एका काकांची मुलगी टोरांटोला असते, ती बर्फाचे फोटो टाकते आणि यांना दिसेपर्यंत दोन दिवस जायचे, कारण हे क्रिकेटच्या पोस्ट इतक्या उघडायचे की फीडला वाटलं यांना तेवढंच हवंय. आम्ही त्यांना काय सांगितलं, तर मुलीच्या नावावर बोट दाबून ठेवा आणि ‘कायम वर’ करा. झालं. त्याच मेनूत ‘हे का दिसलं?’ आहे, तिथं साध्या भाषेत कारण येतं, म्हणजे ‘या माणसाच्या मागच्या ४ पैकी ३ पोस्ट तुम्ही उघडल्या’ असं. पटलं नाही तर तिथंच ‘विसर’ दाबा. आणि हे सगळं नकोच असेल तर सेटिंगमध्ये ‘जसं आलं तसं’ आहे, नवीन वर जुनं खाली, आमच्यातला एकजण स्वतः तेच वापरतो आणि बाकी दोघांना नावं ठेवतो.

मराठीचं वेगळं सांगायला हवं, इथं आमचा सगळ्यात जास्त वेळ गेलाय. पोस्टला भाषेची खूण असते पण लोक मराठीत टाइप करतात आणि खूण इंग्लिशच राहते, कारण ती बदलायचं लक्षातच राहत नाही. म्हणून अ‍ॅप मजकूर बघतं. देवनागरी दिसली की लगेच मराठी नाही, हिंदी, नेपाळी, कोंकणी पण आहेच की. ‘आहे’, ‘आणि’, ‘नाही’ असे शब्द आले, ळ आला, की मराठीचं पारडं जड. तरी चुकतं, दोन शब्दांची पोस्ट असली की हमखास चुकतं, नुसतं ‘सुंदर फोटो’ लिहिलं तर मराठी की हिंदी हे आम्हालाही सांगता येणार नाही. आणि इंग्लिश अक्षरात लिहिलेली मराठी अजून पकडता येत नाही. मॅस्टोडॉन-ब्लूस्कायवर मराठी माणसं तशी कमी, त्यात अर्धी निसटली तर कसं व्हायचं, म्हणून ‘शंका असेल तर दाखव’ हे आधीपासून चालू ठेवलंय.

आता जे प्रायव्हेट नाही ते पण ऐका, नाहीतर नंतर भांडाल. ब्लूस्कायवर तुमच्या पोस्ट, लाइक, कोणाला फॉलो केलं, कोणाला ब्लॉक केलं, हे सगळं उघड असतं, म्यूट, म्हणजे कोणाच्या पोस्ट गुपचूप लपवणं, मात्र खाजगी. म्हणजे वहिनींचा कंटाळा आला असेल तर म्यूट करा, ब्लॉक नको. मॅस्टोडॉनवरचे खाजगी मेसेज एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद, नसतात, सर्व्हर चालवणाऱ्याला ते वाचणं शक्य असतं, तिथं ओटीपी वगैरे पाठवू नका. फोटो उतरवताना ज्या सर्व्हरवरून येतो त्याला तुमच्या नेट कनेक्शनचा नंबर, म्हणजे आयपी अ‍ॅड्रेस दिसतो, ते आम्हाला थांबवता येत नाही.

लॉगिन करताना मॅस्टोडॉनला तुमचं अकाउंट ज्या सर्व्हरवर आहे त्याचंच पान उघडतं, पासवर्ड तिथं टाकायचा. ब्लूस्कायला खरा पासवर्ड टाकू नका, त्यांच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसीखाली अ‍ॅप पासवर्ड बनवता येतो, मध्ये आडव्या रेघा असलेला, चार चार अक्षरांचा, तो टाका. बनवताना मेसेज बघू द्यायचे का विचारतं, आम्हाला नको आहेत, ती खूण करू नका. कधी आमच्यावरचा विश्वास उडाला तर तो एक पासवर्ड तिकडून काढून टाका, विषय संपला.

नवीन फोन घेतलात तर फीडचं शिकलेलं आपोआप येणार नाही, गूगलच्या बॅकअपमध्ये ते आम्ही मुद्दाम जाऊ देत नाही. जुना फोन एक्सचेंजला द्यायच्या आधी ‘फाईल काढा’ दाबा, एक पासवर्ड द्या, ती फाईल नवीन फोनवर उघडा. फाईलचा पासवर्ड विसरलात तर आम्हालाही ती उघडता येत नाही, तेवढा वहीत लिहून ठेवा.