अंगणवाडीताई आणि आशाताई: कोणतं काम कुणाचं?

गावात दोघीही ताईच. दोघी गावातल्याच लेकी-सुना, दोघींच्या पिशवीत रजिस्टर, आणि सर्व्हे निघाला की दोघी दारात. २०२० च्या सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम निघाली तेव्हा ताप आणि ऑक्सिजन मोजत आशा फिरल्या. २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’चे अर्ज भरायला दोघींनाही बसवलं. मग घरात बाळ येणार असलं की सासूबाई सांगतात, ‘त्या ताईंच्या कानावर घातलंय.’ कोणत्या ताईंच्या, ते कुणी विचारत नाही. पुढे आहाराची पाकिटं आली नाहीत म्हणून आशाताईशी वाद होतो आणि लस चुकली म्हणून अंगणवाडीताईवर राग निघतो. दोघी ऐकून घेतात, कारण रोज त्याच गल्लीतून जायचं असतं.

अंगणवाडी ही आधी जागा आहे. एक खोली, भिंतीवर काढलेली चित्रं, कोपऱ्यात वजनकाटा, सतरंजीवर तीन ते सहा वर्षांची मुलं, एक सेविका आणि एक मदतनीस. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत जे केलं ते याच्या मुळाशी आहे: मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत, तर बालवाडी त्यांच्या अंगणात न्यायची. आजच्या अंगणवाड्या जिच्यात चालतात ती सरकारी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली २ ऑक्टोबर १९७५ ला, देशभरातल्या ३३ प्रकल्पांपासून. आशाला मात्र खोली नाही, खुर्ची नाही, पाटी नाही. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान १२ एप्रिल २००५ ला आलं आणि त्यातून साधारण हजार लोकवस्तीमागे गावातलीच एक बाई आरोग्याची स्वयंसेविका म्हणून उभी राहिली. तिचं केंद्र म्हणजे तिची पायपीट.

एक महिला व बालविकास विभागाची, दुसरी सार्वजनिक आरोग्य विभागाची. कागदावर हा फरक इतका सरळ आहे की गोंधळ व्हायलाच नको. पण अंगणवाडीच्या ज्या सहा सेवा वर्षानुवर्षं पाठ केल्या जातात त्या नीट पाहा: पूरक पोषण आहार, अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण, पोषण व आरोग्य शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि संदर्भ सेवा. यातल्या शेवटच्या तीन द्यायच्या आरोग्य खात्याने, पण घडतात अंगणवाडीच्या भिंतींत. म्हणजे सरमिसळ योजनेतच करून ठेवली आहे, लोकांना दोष देण्यात अर्थ नाही.

लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत जाऊन बसलं की कोण काय करतं ते दिसतं. सकाळी उपकेंद्राची आरोग्यसेविका, गावाच्या भाषेत नर्सबाई, लसींचा डबा घेऊन येते. टोचणारी तीच. अंगणवाडीताई एका बाजूला बाळांची वजनं घेत असते, आकडा आधी वहीत आणि मग मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपमध्ये चढवत असते. आणि आशाताई खोलीत फारशी नसतेच. तिच्या हातात लस राहिलेल्या बाळांची यादी असते आणि ती गल्लीत असते: अमक्याची सून शेतावर गेली, तिला निरोप, तमक्याच्या घरी मागच्या वेळी बाळाला ताप आला म्हणून आजीबाई नको म्हणतात, त्यांची समजूत. जागा, रजिस्टर आणि खाऊ अंगणवाडीचा, सुई नर्सबाईची, माणसं गोळा करणं आशाचं. इथे आणखी एक घोळ होतो. ‘सेविका’ म्हटलं की ऐकणारा अंगणवाडी सेविका समजतो आणि बोलणाऱ्याच्या मनात आरोग्यसेविका असते. तक्रार लिहिताना तरी पूर्ण पद लिहावं, नाहीतर अर्ज भलत्याच टेबलावर जाऊन पडतो.

आता घरातल्या बाजूने बघू. दिवस राहिल्याचं कळलं की पहिली हाक आशाला. बारा आठवड्यांच्या आत आरोग्य यंत्रणेत नोंद व्हावी, हे तिचं काम. तपासणीला नेणं, रक्त कमी असेल तर गोळ्या घेतल्या की नाही ते विचारणं, बाळंतपणाच्या वेळी सोबत जाणं हेही तिचंच. वाहनाची सोय मात्र तिच्या पदरची नसते. बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला आणि घरी आणून सोडायला १०२ ची गाडी आहे, अडचणीच्या वेळी १०८. अनेक घरांत आशाच गाडीभाडं काढेल असं धरून बसतात, ते चूक. त्याच आठवड्यात अंगणवाडीतही नाव घालायचं, कारण गरोदर आणि स्तनदा मातेचा आहार तिथून मिळतो: दिवसाला ६०० उष्मांक आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिनं असं त्याचं प्रमाण. आदिवासी भागात २०१५ पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत एक वेळचं गरम जेवणही मिळतं, तेही अंगणवाडीमार्फत. आशाकडे नाव आहे म्हणून अंगणवाडीत आपोआप लागेल या भरवशावर राहू नये. दोन खाती, दोन याद्या. दोन्हीकडे चालतं ते एकच: माता व बाल संरक्षण कार्ड. तपासण्या, लसी आणि बाळाच्या वाढीचा आलेख या एकाच कार्डावर असतो, म्हणून ते ट्रंकेच्या तळाशी जपून ठेवायची वस्तू नव्हे.

बाळ घरी आलं की आशाचं सगळ्यात मोलाचं काम सुरू होतं, आणि त्याबद्दलच सर्वांत कमी बोललं जातं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी तिने घरी यायचं असतं; घरीच झालं असेल तर पहिल्या दिवशीसुद्धा. ती आधी हात धुते. बाळाचं वजन घेते, काखेत तापमापी धरते, मग घड्याळ काढून बाळाच्या छाती-पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजते. साठ किंवा त्याहून जास्त भरले तर पुन्हा मोजते, आणि तरीही तेवढेच आले तर दवाखाना गाठायला सांगते. आईला हे सगळं अंमळ अती वाटतं, बाळ तर छान झोपलंय. पण नवजात बाळ आजारी पडतं ते गाजावाजा न करता: दूध ओढणं कमी होतं, अंग गार लागतं, श्वास भराभर होतो. ही पद्धत गडचिरोलीतून आली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावच्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरोघरी काळजी घेतली, मृत्यूचं प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपास खाली आलं, आणि १९९९ मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. आशाची आजची घरभेट त्याच घडणीतली. एवढ्या भेटींचे मिळून तिला २५० रुपये मिळतात.

अंगणवाडीचं मोजमाप वेगळं आणि लांब पल्ल्याचं. सहा महिन्यांनंतर बाळाचा घरी न्यायचा आहार, तीन वर्षांनंतर केंद्रात शिजलेलं गरम जेवण, आणि दर महिन्याला वजन. कार्डावरची रेघ हिरव्या पट्ट्यातून पिवळ्यात उतरली की आधी दिसतं ते अंगणवाडीताईला. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला तर ते बाळ तीव्र कुपोषित. मग दोन्ही खाती पुन्हा एकत्र येतात: दुसरा आजार नसेल तर ग्राम बालविकास केंद्रात, म्हणजे अंगणवाडीतच, दिवसातून अनेकदा खास आहार, आजारी असेल किंवा भूकच मेली असेल तर रुग्णालयातलं पोषण पुनर्वसन केंद्र. तिथे बाळाबरोबर आईला राहावं लागतं आणि घरी दुसरी लेकरं असतात, म्हणून बाया नाही म्हणतात. त्या वेळी आईला राजी करायला आशा लागते. वजन घेणारीने सांगितलं आणि नेणारीने नेलं तरच ते बाळ सावरतं. दोघींचं आपसात पटत नसेल (गावात असं असतंही) तर त्याची किंमत बाळ मोजतं.

हा फरक सगळ्यात स्वच्छ दिसतो तो पैशात. अंगणवाडी सेविकेला दरमहा ठरलेलं मानधन असतं, आशाच्या कमाईचा मोठा भाग कामागणिक. दवाखान्यात बाळंत होणाऱ्या गरजू बाईला पैसे देणाऱ्या जननी सुरक्षा योजनेत बसणाऱ्या बाईच्या तपासण्या आणि दवाखान्यातलं बाळंतपण यांचे ग्रामीण भागात ६०० रुपये, वर्षाच्या आतल्या सगळ्या लसी पूर्ण झाल्या की १०० रुपये, अशी तिची वही चालते. पगारदार सरकारी कर्मचारी दोघींपैकी कुणीच नाही. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत, हे एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. त्याच वर्षीच्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. डिसेंबर २०२३ मध्ये अंगणवाडी सेविका संपावर गेल्या, जानेवारी २०२४ मध्ये आशा. अंगणवाडीला कुलूप लागलं की गावाला पहिल्याच सकाळी कळतं, मुलं घरी असतात. आशा संपावर आहे हे कळायला एखादी बाई अडावी लागते. कामागणिक पैसे देण्याची ही रीत मला पटत नाही. ज्या घरी ती चारदा समजावून आली आणि तरी लस झाली नाही, त्या चार खेपांचं काय?

सर्वांत जास्त फसगत होते ती प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत. पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये, दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये. महाराष्ट्रात ही योजना आधी आरोग्य खात्याकडे होती, नंतर महिला व बालविकासकडे गेली. त्यामुळे मोठ्या जावेचा फॉर्म आशाने भरलेला असतो आणि धाकटीला अंगणवाडीत पाठवलं जातं, आणि घरात वाटतं की टोलवाटोलवी चालली आहे. दोघींपैकी जी भेटेल तिला विचारा, पण आधार, माता व बाल संरक्षण कार्ड आणि आधारशी जोडलेलं स्वतःचं बँक खातं तयार ठेवा. जननी सुरक्षा योजनेचे पैसे याहून वेगळे, ते आरोग्य खात्याकडूनच येतात.

तक्रारीची वाटही वेगळी. अंगणवाडी वेळेवर उघडत नाही, आहार कमी मिळतो, असं असेल तर आधी पर्यवेक्षिका, मग तालुक्याचे बालविकास प्रकल्प अधिकारी, त्यावर जिल्हा परिषदेचा महिला व बालकल्याण विभाग. आशा येत नसेल तर आधी आशांवर देखरेख करणारी गटप्रवर्तक, मग प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, मग तालुका आरोग्य अधिकारी. आशाची निवड ग्रामसभेतून होते, तेव्हा ग्रामसभेत उभं राहून विचारायलाही हरकत नाही. शहरात चित्र पालटतं. तिथे आशा महापालिकेच्या आरोग्य केंद्राशी जोडलेली असते, अंगणवाड्या मात्र राज्याच्या बालविकास प्रकल्प कार्यालयाखाली. नगरसेवकाकडे अंगणवाडीचं गाऱ्हाणं नेलं तर तो फोन करेल, फार तर.

पहिलं बाळंतपण माहेरी होतं तिथे दोन्ही याद्या एकदमच गळतात. सासरच्या आशाला वाटतं ती गेली, माहेरच्या आशाला ती आलेली ठाऊकच नाही, आणि बेचाळीस दिवसांतल्या भेटी तशाच राहून जातात. ऊसतोडीला गेलेल्या घरांचंही हेच. निघण्याआधी सासरच्या दोघींना सांगायचं, पोहोचल्यावर कार्ड घेऊन तिथल्या दोघींना भेटायचं. पोषण ट्रॅकरवर नाव एका अंगणवाडीतून दुसरीकडे हलवता येतं, ते तिथल्या ताईकडून समोर बसून करून घ्यावं, आणि बाळंतपण कोणत्या दवाखान्यात होणार ते माहेरच्या आशाला सातव्या महिन्यातच सांगून ठेवावं.